चाळीसजणांची स्वारी, दोघा-तिघांची लूट

संगणकावरचे खेळ म्हटले की बंद खोलीत पडद्यापुढे एकटाच बसलेला मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. या चित्राला छेद देणारा एक प्रकार गेली पंचवीसहून अधिक वर्षे इंटरनेटवर रुजलेला आहे. त्याच्या भराच्या काळात चाळीस माणसे आठवड्यातील ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आपापल्या घरून एकत्र जमत. तीन-चार तास एकमेकांच्या भरवशावर लढत. आणि अखेरीस हाती आलेल्या दोन-तीन वस्तू आपल्यापैकी कोणाच्या पदरात टाकायच्या, याचा निवाडा करून पांगत. या उद्योगाला खेळाडूंच्या भाषेत 'रेड' म्हणतात. मराठीत 'स्वारी' हा शब्द त्याला चपखल बसावा. स्वारीतला राक्षस मारणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग. एकमेकांशी वागायचे कसे, हा खरा अवघड प्रश्न. आणि त्याची उत्तरे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी नव्हे, तर खेळणाऱ्यांनीच शोधली.

ज्यांचा या जगाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हजारो लोकांनी एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरावे, प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, त्याला वाढवावे, आणि आपण संगणक बंद केला तरी ते जग कंपनीच्या सर्व्हरवर चालूच राहावे, अशी या भूमिकाप्रधान खेळांची रचना असते. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आणि मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २३ नोव्हेंबर २००४ रोजी तेथे सुरू झाला आणि त्याने आधीच्या सर्वांना मागे टाकले. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर पोहोचली होती. पुढील विवेचनातील उदाहरणे मुख्यतः याच खेळातील आहेत.

गिल्ड म्हणजे काय?

या जगातील कायमस्वरूपी मंडळाला 'गिल्ड' म्हणतात. युरोपातील मध्ययुगीन कारागीर-संघांवरून हे नाव आले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात गिल्ड स्थापन करायची तर एक सनद विकत घेऊन तिच्यावर आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या मिळवाव्या लागत. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रवर्तकांना या सह्यांच्या भटकंतीचे मुळीच नवल वाटणार नाही! एकदा नोंद झाली की गिल्डचे नाव प्रत्येक सभासदाच्या पात्राच्या डोक्यावर झळकू लागते. म्हणजेच सभासदाने बाजारात कोणाला फसवले, तर ते सर्वांदेखत गिल्डच्या नावाखालीच घडते.

सगळ्याच गिल्ड सारख्या नसतात. दिमित्री विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या खेळातील गिल्डांच्या सामाजिक जीवनावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी दोन टोके दाखवली: एका टोकाला मुलांनी झाडावर बांधलेले घर, तर दुसऱ्या टोकाला लष्करी बराक. पहिल्या प्रकारात मित्रमंडळी गप्पा मारता मारता खेळतात. दुसऱ्यात हजेरीपट आहे, पदांची उतरंड आहे, प्रवेशासाठी अर्ज आणि मुलाखत आहे. स्वारीवर जाणारी गिल्ड बहुधा या दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, कारण स्वारीची रचनाच तशी आहे.

एकाची चूक, चाळीसजणांचा शेवट

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील पहिली मोठी स्वारी 'मोल्टन कोअर' या लाव्हारसाने भरलेल्या गुहेवरची. तेथे दहा मोठे राक्षस आणि पथकात कमाल चाळीस खेळाडू. शेवटचा राक्षस रॅग्नरॉस. त्याला प्रथम मारण्याचा मान अमेरिकेतील सर्व्हरवरच्या 'असेंट' या गिल्डला एप्रिल २००५ मध्ये मिळाला, म्हणजे खेळ सुरू होऊन पाच महिने उलटल्यावर.

पथकात तीन प्रकारची कामे असतात. 'टँक' हा चिलखत घालून पुढे उभा राहतो आणि राक्षसाचा मार स्वतः झेलतो. 'हीलर' इतरांच्या जखमा भरून काढतो. उरलेले सारे प्रहार करणारे; त्यांना 'डीपीएस' म्हणतात. राक्षस कोणावर चालून जाणार, हे ज्याने त्याचा रोष सर्वांत जास्त ओढवून घेतला त्यावर ठरते. हा रोष टँककडे राहिला तर लढाई सुरळीत चालते. एखाद्या उतावळ्या धनुर्धराने टँकचा जम बसण्याआधीच बाणांचा वर्षाव केला, तर राक्षस वळतो, दोन फटक्यांत त्या धनुर्धराला लोळवतो, आणि मागोमाग नाजूक वस्त्रांतल्या हीलरांचा क्रमांक लागतो. हीलर गेले की टँक गेला, आणि टँक गेला की सारे पथक धारातीर्थी. याला 'वाइप' म्हणतात. त्यानंतर भूतरूपाने स्मशानातून धावत परत यायचे, मोडलेल्या चिलखतांच्या दुरुस्तीचा खर्च सोसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

त्यामुळे येथला शिष्टाचार हा दिखाऊ सभ्यतेचा प्रकार नाही. मोल्टन कोअरमधील बॅरन गेडन हा राक्षस लढाईच्या मध्यात कोणाही एका खेळाडूला 'जिवंत बॉम्ब' करून सोडतो. काही सेकंदांत तो खेळाडू फुटणार असतो आणि स्फोटात आजूबाजूचेही भाजणार असतात. अशा वेळी त्याने स्वतःला वाचवण्याची धडपड करायची नसते. हातातले काम टाकून, सोबत्यांपासून शक्य तितके लांब, मोकळ्या कोपऱ्यात पळत जायचे असते. ज्याने हे वेळेवर केले त्याचे नाव कोणी घेत नाही. ज्याला पडद्यावरची सूचना दिसली नाही, त्याचे नाव मात्र महिनाभर निघते. त्याच गुहेतील श्वानांच्या टोळीचा नियम आणखी वेगळा. टोळीतले सर्व श्वान जवळपास एकाच वेळी मारले पाहिजेत, नाही तर मेलेले पुन्हा उठतात. म्हणजे आपला श्वान लवकर लोळवण्याची फुशारकी येथे निरुपयोगी. हात आखडून दुसऱ्यासाठी थांबणे, हेच कौशल्य.

मे २००५ मध्ये प्रसृत झालेल्या एका चित्रफितीने हा सारा प्रकार या खेळाबाहेरच्यांनाही ठाऊक केला. एक पथक गुहेच्या दाराशी डावपेचांची बारकाईने चर्चा करत आहे, यशाची टक्केवारीही काढली जात आहे. तेवढ्यात बराच वेळ गप्प असलेला एक सभासद स्वतःचेच नाव ओरडत आत धावतो आणि सर्वांचा खातमा होतो. लिरॉय जेन्किन्स हे त्या पात्राचे नाव. चित्रफीत ठरवून केलेली होती हे पुढे उघड झाले, पण तिच्यातले दुखणे खरे असल्याने ती लोकांना इतकी पटली. कंपनीनेही नंतर हे आडनाव खेळातील एक किताब म्हणून बहाल केले.

वेळेवर या, सामान घेऊन या

स्वारीच्या अलिखित नियमांपैकी बहुतेक नियम दुसऱ्याच्या वेळेविषयी आहेत. रात्री आठची स्वारी म्हणजे पावणेआठला दाराशी हजर. चिलखत आधीच दुरुस्त केलेले, औषधांच्या कुप्या व शक्तिवर्धक काढे आपल्या खर्चाने आणलेले. पथक जमल्यावर कोणी 'जरा बाजारात जाऊन येतो' म्हणाला, तर त्याची दहा मिनिटे उरलेल्या एकोणचाळीस जणांकडून वसूल होतात; हिशेब केला तर ते साडेसहा तास होतात. पडद्यापासून उठायचे झाल्यास सांगून उठायचे. बोलण्याच्या यंत्रणेवर लढाई चालू असताना नेत्याखेरीज कोणी बोलायचे नाही. (त्या काळी व्हेंट्रिलो, टीमस्पीक या आज्ञावली वापरात होत्या, २०१५ नंतर बहुतेक गिल्ड डिस्कॉर्डकडे वळल्या.) लढाईत मेल्यावर कारणमीमांसा सुरू करायची नाही, कारण जे अजून उभे आहेत त्यांना ऐकू येणे अधिक गरजेचे असते.

आपल्याकडे या खेळाचा स्वतंत्र सर्व्हर नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गिल्डमध्ये नाव नोंदवलेल्या भारतीय खेळाडूसाठी तेथली रात्री आठची वेळ म्हणजे येथली पहाटेची साडेपाच किंवा हिवाळ्यात साडेसहा. शिवाय अंतरामुळे आज्ञा सर्व्हरपर्यंत पोहोचायला होणारा विलंब वेगळाच. आपली जोडणी मंद असेल तर ते आधी सांगावे आणि टँकचे काम अंगावर घेऊ नये, हाही शिष्टाचाराचाच भाग मानला जातो.

हे सारे सांभाळणारा नेता बहुधा विनावेतन राबणारा एक सामान्य खेळाडू असतो. पथक जुळवणे, नाराज हीलरची समजूत घालणे, चाळीस जागांसाठी पंचेचाळीस आले तर पाच जणांना बाहेर बसवणे, ही त्याची रोजची कामे. एप्रिल २००६ च्या 'वायर्ड' मासिकात जॉन सीली ब्राउन आणि डग्लस थॉमस यांनी असा मुद्दा मांडला की, गिल्ड चालवण्याचा अनुभव नोकरीच्या अर्जात गुण म्हणून धरावा. त्याच वर्षी निक यी या संशोधकाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली: करमणुकीसाठी आलेली माणसे येथे दुसरी नोकरीच करू लागतात आणि काम व खेळ यांतली सीमारेषा पुसट होते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र पहिल्याची जाहिरात फार झाली आणि दुसऱ्याकडे लक्ष कमी गेले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ओनिक्सिया या मादी ड्रॅगनवरच्या एका फसलेल्या स्वारीत नेत्याने संतापून केलेल्या शिवीगाळीची ध्वनिफीत त्या काळी जगभर ऐकली गेली. चुकलेल्या सभासदाला तो नेता तेथल्या तेथे पन्नास गुणांचा दंड ठोठावतो. लोक त्यावर पोट धरून हसले. त्या आवाजातला थकवा ज्यांना ओळखू आला, ते स्वतः नेतेपण केलेले असावेत.

त्या दंडातले 'गुण' म्हणजे काय, हे कळण्यासाठी मात्र लुटीकडे वळले पाहिजे.

लुटीचा प्रश्न

इंग्रजीतला 'लूट' हा शब्द अठराव्या शतकात आपल्याच भाषांमधून तिकडे गेला. या खेळांत तो मेलेल्या राक्षसाकडे सापडणाऱ्या वस्तूंसाठी वापरतात. अडचण अशी की, चाळीसजणांनी मारलेल्या राक्षसाकडे दोन-तीनच मौल्यवान वस्तू निघतात. वस्तू उचलताच ती उचलणाऱ्याशी कायमची बांधली जाते. त्यानंतर ती विकता येत नाही की मित्राला देता येत नाही. राक्षस एकदा मारला की त्या पथकाला तो पुढच्या आठवड्यापर्यंत भेटत नाही. थोडक्यात, माल तुटपुंजा, निर्णय अपरिवर्तनीय आणि पुढची संधी आठ दिवसांनी. वर्षानुवर्षांची मैत्री तलवारीपायी तुटावी, यासाठी एवढी सामग्री पुरेशी आहे.

अनोळखी लोकांच्या छोट्या गटात यावर सोपा तोडगा होता. प्रत्येकाने 'गरज' किंवा 'हाव' यांपैकी एक बटन दाबायचे. गरज म्हणणाऱ्यांत एक ते शंभर यांमधला आकडा संगणक काढतो, मोठ्या आकड्याला वस्तू मिळते. कोणालाच गरज नसेल तर हाववाल्यांत तीच सोडत. या पद्धतीचा डोलारा एका शब्दाच्या प्रामाणिक अर्थावर उभा आहे. जादूगाराला कुऱ्हाडीची 'गरज' नसते. ती विकून पैसे करायची त्याला हाव असते. पण बटन दाबणाऱ्याला सुरुवातीला कोणी अडवत नसे. अशा रीतीने वस्तू लाटणाऱ्याला 'निंजा' ही पदवी मिळे. मोठ्या स्वाऱ्यांत लूट वाटण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे दिला जाई आणि तीच व्यक्ती निंजा निघाली, तर सगळ्यांचा आठवडा बुडे.

गिल्डांनी यावर हिशेबाची वही उघडली. एव्हरक्वेस्टमध्ये १९९९ च्या सुमारास 'ड्रॅगन किल पॉइंट्स', म्हणजे ड्रॅगन मारल्याचे गुण, ही पद्धत निघाली. हजर राहिल्याबद्दल व राक्षस मारल्याबद्दल गुण जमा. वस्तू घेतली की गुण वजा. आज तलवार मिळाली नाही, तरी आजचे कष्ट खात्यात राहतात. भिशीत आपला नंबर नंतर लागणार, म्हणून कोणी हप्ता चुकवत नाही, त्यातलाच हा प्रकार. अर्थतज्ज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा आणि कायद्याचे अभ्यासक जोशुआ फेअरफिल्ड यांनी या गुणांवर स्वतंत्र टिपण लिहिले, यात आश्चर्य नाही. कोणत्याही सरकारविना, केवळ आपसांतल्या विश्वासावर चालणारे ते एक खासगी चलनच होते. गिल्ड सोडली की त्याची किंमत शून्य; म्हणून ते माणसांना गिल्डमध्ये बांधूनही ठेवी.

चलन आले की चलनाचे रोगही आले. जुने सभासद गुणांचे डोंगर साठवून बसत आणि नव्याने आलेला कितीही राबला तरी त्याची पाळी येत नसे. यावर कोणी दर आठवड्याला सर्वांच्या शिलकीत काही टक्के कपात सुरू केली. कोणी वस्तूची किंमत उपस्थितांतच वाटून टाकण्याची पद्धत आणली: चाळीस गुणांची वस्तू एकाने घेतली की चाळीसजणांच्या खात्यावर एकेक गुण, म्हणजे एकूण चलन वाढायलाच नको. कोणी सरळ नावांची यादी केली. ज्याने वस्तू घेतली तो यादीच्या तळाशी. याउलट काही गिल्डांनी हिशेब सोडून चार-पाच ज्येष्ठांची समिती नेमली. कोणाच्या हाती ती वस्तू दिल्याने पथकाचा फायदा अधिक, हे समिती ठरवते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने समितीला तोड नाही. टँकला चांगले चिलखत आधी मिळाले की पुढचा राक्षस सर्वांसाठीच सोपा होतो. पण नेत्याच्या मैत्रिणीला एखादी काठी मिळाली की समितीची कार्यक्षमता कोणाला आठवत नाही. वहीतला न्याय ढोबळ असला तरी तो सर्वांना दिसतो. समितीचा न्याय सूक्ष्म असेल, पण तो बंद दाराआड होतो. गिल्ड फुटण्याच्या कहाण्या ऐकल्या तर या दारापाशीच बहुतेकींचा शेवट होतो.

या सगळ्याखेरीज एक नियम कुठल्याही वहीत न लिहिता सर्वत्र पाळला जाई. आपल्याला हवी ती वस्तू मिळाली म्हणून उरलेली स्वारी सोडून जायचे नाही. तसे करणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलावत नसे, आणि ही शिक्षा पुरेशी होती.

गाव मोडते तेव्हा

शिक्षा पुरेशी असण्याचे कारण सर्व्हर हे काही हजार वस्तीचे गाव होते. बदनाम झालेल्या नावाला तेथे दुसरे पथक मिळणे मुश्कील होई. २००६ मध्ये पैसे भरून दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची सोय झाली, पुढे नाव बदलण्याचीही. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने लहान मोहिमांसाठी अनेक सर्व्हरांवरच्या अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवून देणारी यंत्रणा आणली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तीच सोय स्वाऱ्यांना लागू केली. बटन दाबा, काही मिनिटे थांबा, लढा, पांगा. नोकरी-संसारामुळे ज्यांना कधीच स्वारी पाहता आली नव्हती, अशा असंख्य लोकांना ती पाहता आली. हा लाभ छोटा नव्हे. मात्र ज्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार नाही, त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार कशाला, ही वृत्तीही त्याच दाराने आत आली. माणसाच्या लौकिकाची जागा आकड्याने घेतली. त्याच सुमारास पात्राच्या सामानाची गोळाबेरीज करून एक गुणांक दाखवणारी 'गिअरस्कोअर' ही जोडणी पसरली आणि अनोळखी नेते नाव-गाव न विचारता आधी तो विचारू लागले.

लुटीचा प्रश्नही यंत्राने सोडवला. २०१२ पासून या जुळवलेल्या स्वाऱ्यांत प्रत्येकाला स्वतंत्र लूट मिळू लागली. दुसऱ्याच्या वाट्याचे काही दिसतच नाही, तर भांडायचे कशावरून? २०१८ मध्ये नेत्याने लूट वाटण्याची पद्धत नव्या स्वाऱ्यांतून पूर्णपणे काढून टाकली गेली. निंजा संपले. त्याचबरोबर, 'मला नको, याला द्या. तो तीन महिने थांबला आहे' असे म्हणण्याची संधीही जवळजवळ संपली. पहिल्या गोष्टीबद्दल कंपनीचे आभार मानले पाहिजेत; दुसऱ्या गोष्टीची किंमत तिने मोजली होती की नाही, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. नोव्हेंबर २०२२ मधील 'ड्रॅगनफ्लाइट' या आवृत्तीत स्वाऱ्यांसाठी सामाईक लूट आणि सोडत परत आणली गेली, आणि तिच्याबरोबर जुनी भांडणेही परतली.

दरम्यान २७ ऑगस्ट २०१९ रोजी कंपनीने २००४ चा मूळ खेळ 'क्लासिक' या नावाने पुन्हा सुरू केला. मोल्टन कोअर, चाळीसजण, गुणांच्या वह्या, समित्या, सारे पुनरुज्जीवित झाले. फरक एवढाच की, खेळणारे आता पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांतल्या अनेकांकडे वेळेपेक्षा पैसा अधिक होता. त्यामुळे एक वेगळी पद्धत फोफावली. प्रत्येक वस्तूचा खेळातील सोन्याच्या नाण्यांत लिलाव करायचा, जमलेली रक्कम शेवटी सर्वांत समान वाटायची. तिला 'जीडीकेपी' म्हणतात. कागदावर ही पद्धत आजवरच्या सर्वांत न्याय्य पद्धतींपैकी एक आहे: ज्याला वस्तू मिळत नाही त्याला रोख मोबदला मिळतो, आणि तो मिळायचा असल्याने शेवटपर्यंत कोणी पथक सोडत नाही. अनोळखी चाळीसजणही तिच्या जोरावर शिस्तीत वागतात. पण सोने खेळातच मिळवलेले असले पाहिजे, असे तिला बंधन नाही. बाहेरच्या बाजारात खऱ्या डॉलरांनी, नियम मोडून विकत घेतलेले सोने लिलावात ओतले जाऊ लागले. ते कमावण्यासाठी यंत्रमानवी पात्रे रात्रंदिवस राबू लागली. आणि प्रामाणिक खेळाडूला बोली लावणे परवडेनासे झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने क्लासिकच्या 'सीझन ऑफ डिस्कव्हरी' या हंगामापुरती या लिलावांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खेळाच्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त उघडलेल्या नव्या सर्व्हरांवरही ती लागू ठेवली. तेथल्या गिल्डांनी पुन्हा गुणांच्या वह्या आणि समित्यांचा आधार घेतला. नव्या सभासदाने अर्ज करताना सर्वप्रथम विचारायचा प्रश्न तेथे पूर्वीचाच आहे: तुमच्याकडे लूट वाटतात कशी?